यंदाची तुरटी

अलगदच्या दुकानात तुरटीचा एक खडा वर्षभर पुरायचा. सुगी संपली की किराणावाल्याकडून ढेकळाएवढा खडा यायचा. ओल्या फडक्यानं घासून त्याच्या कडा मोडायच्या, हातात नीट बसेल असा गोल करायचा, आणि मग गावातल्या सगळ्या गालांवरून फिरत फिरत पुढच्या सुगीपर्यंत त्याची झिजल्या साबणाएवढी चीप उरायची. ती चीप सासू धुऊन आत न्यायची, गढूळ पाण्याच्या हंड्यात फिरवायला. त्यात कधी मागेपुढे झालं नव्हतं.

यंदा थंडी अजून पुरती सरली नव्हती आणि ताटलीतली तुरटी चिपेवर आली होती. सकाळी दुकान झाडताना अलगदच्या बायकोनं ती उचलून उजेडात धरली. तिच्यातून पलीकडची खिडकी दिसली. तिला आधी वाटलं, जुनीच चीप कुणी चुकून ठेवली. मग ध्यानात आलं, नाही, ही यंदाचीच.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक खुर्ची, तिची मान टेकायची उशी उसवलेली. एक आरसा, त्याचा पारा कडेनं उडालेला. बसायला बाक, आणि घरात जायच्या दाराला पडदा. पडद्याच्या पुढं वस्तरा आणि मागं चूल, असा तिचा लग्न झाल्यापासूनचा संसार. नवऱ्याचं खरं नाव एक त्याच्या आईला आठवत असेल, बाकी गाव त्याला अलगदच म्हणायचं. हातानं कमावलेलं नाव होतं ते. खुर्चीत बसून डुलकी लागलेल्या माणसाला दाढी उरकल्यावरच जाग यायची. 'लागतंय का?' असं त्यानं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. त्याच्या वडिलांनीही नव्हतं विचारलं. गिऱ्हाइकाला विचारायची पाळी आली की आपला हात गेला समजायचं, असं ते म्हणायचे, आणि शेवटपर्यंत त्यांचा हात गेला नव्हता.

दाढी झाली म्हणजे काम झालं असं अलगदचं नव्हतं. तोंडावरून गार पाण्याचा हात फिरवायचा. ओल्या गालावर तुरटी आडवी धरून खालून वर न्यायची. कोरड्या कातडीवर तुरटी घासणाऱ्याला तो कारागीरच मानत नसे. डाव्या हातात तुरटी आणि तिच्या मागोमाग उजव्या हाताची बोटं. कातडी कुठं आवळली, कुठं आग होतेय, कुठं पुरे झालं, ते बोटांना आपलं आपण कळायचं. मग गावातली एखादी बातमी सांगून होईस्तोवर तुरटी गालावर वाळू द्यायची, पुन्हा गार पाण्यानं धुवायची, आणि तळहातावर तेलाचा थेंब पसरून तो गालाला नुसता दाखवायचा. एवढं सगळं झालं की मगच खुर्ची मोकळी.

"आई, दुकानातली तुरटी तुम्ही आत नेली होती का?" तिनं चुलीपाशी जाऊन विचारलं.

"कुठली तुरटी?"

"ताटलीतली. बघा ना, एवढीशी उरलीय."

सासू शेकत बसली होती. तिनं चीप पाहिली आणि सुनेकडे पाहिलं. "मी काय तुरटी चघळत बसते?"

"तसं नाही. पाणी फार गढूळ येतंय, हंड्यात फिरवली असेल म्हणून म्हटलं."

"उरल्यावर नेते मी. आधी कधी हात लावलाय? तुझा दादला ती घासतो, त्याला विचार की. उगाच माझ्यावर कशाला घालतेस!"

म्हातारीवर आळ घेतला याची तिची तिलाच लाज वाटली. दिवसभर ती सासूशी जरा जास्तच गोड बोलली, आणि म्हातारीनं तेही ओळखलं.

यंदा पाण्यानं जीव नकोसा केला होता. पाऊस कधीच पाठ फिरवून गेला होता. जवळच्या विहिरीनं तळ दाखवला, म्हणून ती टेकडीपलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायची. तेही जड, खारट. त्यात साबण फुटायचा. अलगद ब्रश फिरवून फिरवून थकायचा, पण फेस म्हणून उभा राहायचा नाही, नासलेल्या दुधासारखा गालावरून ओघळायचा. तुरटीनंतर धुवायला तर पाणीच पुरायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि चला. गावातले पुरुष गालावर पांढरी पुटं घेऊन हिंडायचे. गिरणीवाला तेवढा वेगळा दिसत नव्हता, तो मुळातच पिठानं माखलेला असायचा.

म्हणून टॉवेलवर पहिल्यांदा ठिपके दिसले तेव्हा तिनं पाण्यालाच शिव्या दिल्या. दुकानाचे टॉवेल तीच धुवायची, मागच्या दगडावर. पांढऱ्या टॉवेलवर लाल ठिपका लपत नाही. आधी एखाददुसरा असायचा, मग रोज, मग टॉवेलच्या दोन्ही टोकांना. गार पाण्यात चोळून चोळून तिची बोटं बधिर व्हायची, तरी डाग पिवळट होऊन मागे राहायचाच.

"आज कुणाला लागलं का हो?" ती विचारायची.

"पाणी जड आहे," तो म्हणायचा. "आणि वस्तऱ्याला धारच राहत नाही. लोखंडच मेलं बहुतेक."

तो खरंच दिवसभर वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढत बसलेला असायचा. ओढायचा, मग डाव्या अंगठ्यावर आडवा टेकवून धार बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा ओढायचा. धार अंगठ्याला कळते. अंगठा सांगतो, लागली की नाही. तो अंगठा जरा जास्तच दाबून बघायचा. त्याच्या अंगठ्यावर चिरा पडल्या होत्या. 'थंडीनं उलले,' असं तो म्हणाला, आणि तिचेही हात उललेलेच होते, म्हणून तिनं त्यात काही पाहिलं नाही.

एका सकाळी मात्र तो सदऱ्याच्या गुंडीशी झटत उभा होता. गुंडी काजाशी न्यायचा आणि ती निसटायची. पुन्हा न्यायचा, पुन्हा निसटायची. तिनं पुढं होऊन गुंड्या लावून दिल्या. तो तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहिला.

"हात गार पडलेत," तो म्हणाला.

"चुलीपाशी या की मग."

"नको. गिऱ्हाईक खोळंबलं असेल."

बाकावर कुणीही नव्हतं. तिला ते पडद्याच्या फटीतून दिसत होतं.

गिऱ्हाईक आटलं होतं. शिंपी तोंडाचा फटकळ, तो खुर्चीत बसल्या बसल्या ओरडला होता, "अरे अलगद, दाढी करतोयस की माझ्या गालावर कापड बेततोयस?" बाकावरचे हसले. अलगदही हसला आणि तुरटी घेऊन त्या जागेवर कितीतरी वेळ घासत राहिला. पुढच्या खेपेला शिंपी आला तो गुळगुळीत होऊनच. "केस तेवढे बारीक कर बाबा. दाढी घरीच उरकली. पोरीनं यंत्र पाठवलंय, म्हटलं वापरून बघू." मग एकेकाच्या पोरीनं, जावयानं, मेव्हण्यानं यंत्रं पाठवायला सुरुवात केली. कुणी वाकडं बोललं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. भांडणाऱ्याला उत्तर तरी देता येतं.

सुरीला धार लावणारा सायकलवाला गावात आला तेव्हा तिनं नवऱ्याला न विचारता वस्तरा त्याच्याकडे नेला. त्यानं तो उघडून उजेडात धरला, मनगटावरच्या केसांवरून नुसता नेला आणि मिटून तिच्या हातात परत दिला.

"लावा की धार."

"याला आणखी काय लावू, बाई? आत्ताच एवढा झालाय की बघूनही कापेल. जपून न्या."

ती वस्तरा पदरात धरून घरी आली. घरी आल्यावर म्हणाली, "सायकलवाला म्हणतो, धार चांगली आहे."

"त्याला काय कळतंय," अलगद म्हणाला. त्यानं अंगठ्यावर वस्तरा टेकवला. "बोथट आहे. कुणीही सांगेल." त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

तिनं मग सगळी आशा पाण्यावर टाकली. वरच्या तळ्यातून गावाला नळ येणार, असं केव्हापासून चाललं होतं. चर खणून झाले होते, पाइप पुरून झाले होते. गोडं पाणी आलं की फेस धरेल, फेस धरला की वस्तरा सरकेल, वस्तरा सरकला की टॉवेल पांढरे निघतील आणि नवऱ्याचं नाव नवऱ्याकडे राहील. देवापुढं हात जोडताना ती पाणी मागायची, पण डोळ्यांपुढं यायचा तो पांढरा टॉवेल.

आणि नळ आला. खरंच आला! आधी खाकरला, मग तांबडं पाणी ओकला, मग स्वच्छ धार लागली. बाया हसत होत्या, पोरं भिजत होती, सासूनं ओंजळभर पिऊन "साखर आहे गं, साखर" म्हटलं. अलगदनं दुकानात बसवलेल्या तोटीखाली वाटी धरली, ब्रश फिरवला आणि फेस वाटीच्या वर आला. तो तिला दाखवायला पडद्याआड आला, वाटी पुढं धरून. कितीतरी दिवसांनी त्याचं तोंड उजळलं होतं.

"बघ. म्हणत नव्हतो मी?"

"म्हणत होतात," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला.

नळाच्या कौतुकानं त्या दिवशी बरीच गिऱ्हाइकं आली. बाक भरला होता. दुपारी त्यानं टॉवेल आत टाकले आणि ती ते घेऊन लगबगीनं दगडाकडे गेली. घडी उलगडली. ठिपके होते. पहिल्यापेक्षा जास्त होते, ताजे, आणि एका टॉवेलवर तर अख्ख्या अंगठ्याचा ठसा होता. ती बघत उभी राहिली. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिनं नळ सोडला आणि गोड्या पाण्यात टॉवेल चोळायला घेतले. पाण्यावर ढकलायचं आता काही उरलं नव्हतं. अंगठ्याचा तो ठसा कुणाचा, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो पुढं जाऊ दिला नाही.

त्या आठवड्यात नवी तुरटी आणावी लागली.

गिरणीवाला तेवढा टिकून होता. तो आणि अलगद शाळेत एका बाकावर बसलेले. गिरणीच्या घरघरीनं त्याचे कान गेले होते, म्हणून तो सगळं जग बहिरं असल्यासारखा ओरडून बोलायचा. गिरणी सुरू करायच्या आधी सकाळी तो दाढीला यायचा. त्याच्या हनुवटीवर, कानाखाली, जुन्या कापल्याच्या रेघा होत्या. त्यानं त्यांचा कधी उल्लेख केला नव्हता. पण त्याच्या बायकोनं नळावर एकदा केला होता, तोंड दुसरीकडे करून.

त्या सकाळी ती पडद्यामागे धान्य निवडत होती. बाहेर वस्तरा पट्ट्यावर ओढल्याचा आवाज आला. मग थांबला, म्हणजे तो अंगठ्यावर धार बघत असणार. पुन्हा ओढला. पुन्हा थांबला. मग दाढी सुरू झाली. सगळं नीट पार पडलं. गिरणीवाला ओरडून दळणाच्या गोष्टी सांगत होता. तुरटी फिरायला लागली.

"झालं ना रे?" गिरणीवाला म्हणाला.

"थांब. जरा लागलंय इथं."

"कुठं? मला तर काही कळलं नाही."

"रक्त येतंय. थांबेल आत्ता."

ती हातातलं सूप खाली ठेवून फटीतून बघायला लागली. गिरणीवाल्याचा गाल लाल झाला होता. अलगदनं तो टॉवेलनं पुसला. गाल स्वच्छ झाला. त्यानं तुरटी लावली, आणि गाल पुन्हा लाल. पुन्हा पुसला, पुन्हा तुरटी, पुन्हा लाल. तो जोरात घासायला लागला. "थांबत कसं नाही," तो पुटपुटत होता. "थांबायला पाहिजे. थांबायला पाहिजे."

गिरणीवाल्यानं आरशात वाकून पाहिलं. टॉवेल स्वतःच्या हातात घेऊन गाल पुसला, बोटानं चाचपला, दुसरीकडे मान करून पाहिलं.

"अरे, हे माझं नाही!" तो ओरडला.

अलगद काही न समजल्यासारखा उभा राहिला. गिरणीवाल्यानं त्याचं डावं मनगट धरून वर केलं. तुरटी गुलाबी झाली होती. अंगठा आडवा फाकला होता, खोल, आणि रक्त मनगटावरून कोपराकडे चाललं होतं. फाकलेल्या त्या मांसावर तुरटी घट्ट दाबून धरलेली.

"अरे, तुरटी धरलीयस त्यावर! झोंबत नाही तुला?"

अलगदनं अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा दुसऱ्या कुणाचा असावा तसं पाहिलं. मग त्यानं तुरटी जखमेवर आणखी दाबली, एकदा, दोनदा, आणि वाट बघितली.

"नाही," तो म्हणाला.

रस्त्यानं जाणारे दोघे-तिघे गिरणीवाल्याच्या आवाजानं दारात थांबले होते. ती पडदा सारून बाहेर आली, टॉवेल फाडला आणि अंगठा बांधायला लागली. आता तिला सगळं कळलं. ते ठिपके गावाचे नव्हते, निदान सगळे नव्हते. गावाच्या कातडीला तुरटी मिळत होती आणि रक्त थांबत होतं. त्याला आपलं वाहतंय हेच कळत नव्हतं, तर तो थांबवणार कसं? आणि ती इतके दिवस ते चोळून चोळून धूत होती, नवऱ्याचं रक्त, दुसऱ्याचं समजून, घाईघाईनं, कुणी बघू नये म्हणून.

मोठ्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याला तोंड फिरवायला सांगितलं आणि बोटांना टाचणी लावली.

"टोचलं?"

"कधी?" अलगद म्हणाला.

रक्तात साखर वाढली होती आणि तिनं बोटांच्या नसा खाल्ल्या होत्या. गोळ्या मिळाल्या. गोड बंद. गेलेलं परत येईल अशी खात्री देता येत नाही, धारेचं काही हातात धरू नका, असं डॉक्टर म्हणाला. मग लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "काम काय करता?" तिनंच सांगितलं. डॉक्टरचं पेन जरा थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

घरी आल्यावर त्यानं वस्तरा पुसला, तेल लावलं, मिटला आणि आरशामागच्या फळीवर ठेवून दिला. पट्टा खुर्चीवरून सोडून गुंडाळला. सगळं अगदी सावकाश, दुकान बंद करताना रोज करायचा तसं. सासूनं विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?" तर "हात गेला," एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला. जेवलाही नेहमीएवढंच. तेच तिला बघवेना.

मग दिवस नुसते सरकत राहिले. तो सकाळी दुकान उघडायचा आणि खुर्चीत स्वतःच बसायचा. आरशाकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड. लोक जाता जाता हात करायचे, तोही करायचा. त्याची दाढी वाढली. "मशीननं केस तरी कापा," ती म्हणाली, "त्याला जाळी असते, लागायचं नाही." तो म्हणाला, "मशीन काय, कुणीही चालवतं." टॉवेल घडी घातलेले तसेच राहिले. पांढरेशुभ्र! सारा हंगाम तिनं देवाकडे जे मागितलं होतं ते असं फळीवर येऊन बसलं होतं. ती ते टॉवेल उतरवायची, मागे नेऊन धुवायची, वाळवायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची. सासू एकदा म्हणाली, "अगं, धुतलेलेच आहेत ते." ती म्हणाली, "धूळ बसते." तुरटी ताटलीत होती तेवढीच होती, तिची एक कडही मोडली नव्हती.

एके सकाळी गिरणीवाला दारात उभा राहिला. त्याचं तोंड बघवत नव्हतं. हनुवटीवर रक्त, ओठावर रक्त, गालावर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवलेले, त्यातून रक्त आणि वर पीठ.

"काय केलंस हे?" अलगद खुर्चीतून उठला.

"दाढी!" गिरणीवाला ओरडला. "माझ्या हातानं! जन्मात केली नव्हती रे. आरशात डावं उजवं कळत नाही. बायको म्हणते, हे असं घेऊन गिरणीवर बसलास तर कणकेऐवजी लोक तुलाच मळतील." तो खुर्चीत धपकन बसला. "वस्तरा नकोय मला. झाली ती झाली. पुढचं कर."

"पुढचं काय?"

"तुरटी! पाणी, तुरटी, तेल. ते काय मी आता गिरणीत लावू?"

अलगद ताटलीतल्या तुरटीकडे बघत राहिला. ती पडद्यामागे धुतलेले टॉवेल छातीशी धरून उभी होती. तिला वाटलं, तो हाकलून देणार. दया करायला आलास का म्हणणार, दोस्तालाही तोडून टाकणार. तिनं डोळे मिटून घेतले. मग दुकानातल्या नळाचा आवाज आला.

त्यानं कागदाचे कपटे भिजवून एकेक सोडवले. तोंड धुतलं. पीठ निघालं, खालचं तोंड म्हातारं निघालं. त्यानं डाव्या हातात तुरटी घेतली, अंगठ्यावरची पट्टी जपून, आणि ओल्या गालावर ठेवली. उजव्या हाताची बोटं सवयीनं मागोमाग गेली. गालावरून फिरली. थांबली. पुन्हा मागे जाऊन फिरली. बोटं काही सांगत नव्हती, ते तिला त्याच्या पाठीवरूनही दिसलं. तुरटी गालावर तशीच टेकलेली राहिली.

"झोंबतंय का?" तो म्हणाला. इतक्या हळू, की तिला वाटलं आपल्यालाच भास झाला.

"आँ?" गिरणीवाला ओरडला.

अलगदनं दाराकडे पाहिलं. रस्त्यावर माणसं होती. शिंप्याचं दार उघडं होतं.

"झोंबतंय का?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

"झोंबतंय की! या हनुवटीखाली. आग पेटलीय नुसती!"

"आणि इथं?"

"तिथं नाही. वर. आणखी वर. हां!"

"पुरे झालं की सांग."

"सांगतो."

मागे चुलीपाशी सासूनं मान वर केली. ऐकू आलं होतं, पण समजलं नव्हतं.

"काय करतोय गं तो?"

तिनं टॉवेल छातीशी आणखी घट्ट धरले.

"विचारतोय," ती म्हणाली.